दसऱ्याची लेन्स

शैलजाताई माणगावकरांच्या पर्समध्ये कंगवा नसला तर नसेल, पण पेन टॉर्च हमखास असायचा. डॉक्टर लोक पेशंटच्या डोळ्यात मारून बघतात तसला, बोटभर लांबीचा. त्या काही डॉक्टर नव्हत्या. चंदीगडच्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत त्या बत्तीस वर्षं फोटोग्राफर होत्या. फोटोग्राफर म्हटलं की लोकांना लग्नाचं स्टेज आठवतं. ताईंनी उभ्या नोकरीत एकाही नवरीचा फोटो काढला नाही. त्यांनी जखमा काढल्या. भाजलेले हात, फाटलेले ओठ, ऑपरेशनच्या आधीचा जबडा आणि सहा महिन्यांनंतरचा तोच जबडा. मोठमोठे सर्जन ज्या चित्रांवर परदेशात भाषणं ठोकून येत ती चित्रं ताईंची असत, आणि खाली नाव सर्जनचं असे.

सांगलीच्या मुलीला हे गाव मिळालं ते नवऱ्यामुळे. नवरा वायुदलात होता. त्याची बदली झाली तेव्हा ताई नोकरी सोडून मागे गेल्या नाहीत, त्यानंच सुट्ट्यांमध्ये ये-जा केली आणि शेवटी निवृत्तीनंतर इथेच घर घेतलं. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. मुलगी वल्लरी मोहालीत आयटीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून देते, आणि दर रविवारी आईकडे येऊन फ्रीज उघडून उभी राहते.

ताईंच्या कामाचे दोन नियम होते आणि त्यात ब्रह्मदेव आला तरी बदल होत नसे. एक म्हणजे फोटोच्या कडेला मिलिमीटरची पट्टी आणि तिच्यावर नाव-तारखेची चिठ्ठी असलीच पाहिजे. "जखम केवढी होती ते तुझ्या आठवणीला विचारू नको, पट्टीला विचार," असं त्या हाताखालच्या अंकुरला सांगायच्या. दुसरा नियम टॉर्चचा. कुठलीही लेन्स हातात आली, मग ती नवी असो, जुनी असो, दुरुस्त होऊन आलेली असो, आधी तिच्या मागून टॉर्च मारून आत बघायचं. ओरखडा, धूळ, बुरशी, काय असेल ते उजेडात तिरकं दिसतं. बुरशी तर वरवर बघून कधीच दिसत नाही, टॉर्च मारला की दिसते. संस्थेच्या स्टोअरमध्ये ताईंच्या टॉर्चची दहशत होती.

आणि डूख धरण्यात ताईंचा हात कुणी धरला नसता. एका भूलतज्ज्ञानं त्यांना एकदा सगळ्यांसमोर "अरे वो फोटोवाली को बुलाओ" म्हटलं होतं. पुढे तो निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सतरा वर्षं, त्याच्या प्रत्येक फोटोच्या वेळी ताईंचं फ्लॅशचं चार्जिंग संपलेलं असायचं. तो उभा राहायचा आणि ताई शांतपणे चार्जर शोधायच्या.

संस्थेच्या लेन्स होत्याच, पण ताईंची स्वतःची एक मॅक्रो लेन्स होती. मॅक्रो म्हणजे अगदी जवळून काढायची, टाक्यातला दोरा न् दोरा दाखवणारी. तिच्या नळीभोवती ताईंनी पांढरी सर्जिकल चिकटपट्टी गुंडाळून त्यावर निळ्या पेननं आपलं नाव लिहिलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी पट्टी मळायची, ताई नवी गुंडाळायच्या. या लेन्सला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. संस्थेच्या संचालकांनी एकदा मुलीच्या फुलपाखरांच्या प्रोजेक्टसाठी मागितली होती, त्यांनाही नाही म्हणून सांगितलं.

मग ती दुसऱ्याच्या हातात गेली कशी? तीच तर गोष्ट आहे.

२०२३ च्या मे महिन्यात ताई निवृत्त झाल्या. घरी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता जवळून बघण्यासारखं काही उरलेलं नाही. "बत्तीस वर्षं माणसांच्या चार बोटांवरून बघितलं की गं," त्या वल्लरीला म्हणाल्या, "आता काय बघायचं ते लांबून." सुखना तलावावर हिवाळ्यात लांबलांबून पक्षी येतात. ते काढायचे तर लांब पल्ल्याची मोठी लेन्स हवी. आणि अशी लेन्स होती श्यामसुंदर देवस्थळींकडे.

देवस्थळी सर म्हणजे आपल्या मराठी मंडळाचा मोठा माणूस. विद्यापीठातून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मंडळाचे दोनदा अध्यक्ष, आवाज खणखणीत, आणि कुठल्याही विषयावर पंधरा मिनिटं बोलायला तयार. त्यांची डॉक्टरेट बुरशीवर होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात हीच गोष्ट ताईंच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. पावावरची, लाकडावरची, गव्हाच्या लोंबीवरची, माणसाच्या नखातली, कुठलीही बुरशी सर दुरून ओळखत. त्यांची बायको रागिणी नागपूरची, मनानं मोकळी, आणि ताईंची पंचवीस वर्षांची मैत्रीण.

सरांना फुलं काढायची होती, म्हणजे मॅक्रो हवी होती. ताईंना पक्षी काढायचे होते. लेन्सला लेन्स, वरकड काही नाही, असं ठरलं. "दसऱ्यालाच करू अदलाबदल," सर म्हणाले, "मुहूर्तही साधेल."

चंदीगडात आपटा मिळत नाही. इथली मराठी माणसं दसऱ्याला कांचनाची पानं वाटतात. कांचन रस्त्यारस्त्याला लावलेले आहेत, आणि पान तसंच, मधे चिरलेलं. दर वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये सर माईक हातात घेऊन सांगत की आपटा आणि कांचन एकाच कुळातले, त्यामुळे हे सोनं शास्त्रशुद्ध आहे, आणि दर वर्षी लोक टाळ्या वाजवत. त्या दसऱ्यालाही वाजवल्या. मग सर लेन्सची काळी पिशवी घेऊन ताईंकडे आले. पिशवीवर कांचनाचं पान ठेवलं होतं.

"घ्या शैलजाताई, हे आमच्याकडून सोनं."

ताईंनी आपली मॅक्रो त्यांच्या हातात दिली. मोठी लेन्स हातात घेतली, आणि सवयीनं उजवा हात पर्समध्ये गेला. बोटांना टॉर्च लागलासुद्धा. पण भोवती दहा-बारा माणसं उभी होती, रागिणी श्रीखंडाची वाटी घेऊन समोर आली होती, आणि सर हसत हात जोडून उभे होते. दसऱ्याचं सोनं कुणी दातानं चावून बघतं का? आपल्याच माणसाच्या वस्तूवर चारचौघांत टॉर्च मारायचा? ताईंना लाज वाटली. त्यांनी टॉर्च सोडला आणि श्रीखंडाची वाटी घेतली. बत्तीस वर्षांत एकदा नियम मोडला, तो असा.

नोव्हेंबरपासून ताई रोज सकाळी सुखनावर जायला लागल्या. फोटो धूसर येत. एकदा आले, दोनदा आले, रोजच येत. आधी वाटलं धुकं आहे. मग ऊन पडलेल्या दिवशीही तसेच. वल्लरीला दाखवले तर ती म्हणाली, "मम्मा, थोडे सॉफ्ट हैं, पर एस्थेटिक लग रहा है." ताईंना एस्थेटिक नको होतं, त्यांना बदकाच्या डोळ्यातली बाहुली हवी होती. कॅमेऱ्यातून बघतानाही चित्र दुधाळ दिसे. आणि इथे त्या अनुभवी बाईनं जे केलं ते सांगताना मलाही राग येतो. त्यांनी स्वतःच्या डोळ्यावर संशय घेतला. फोकस धरणारा उजवा डोळा गेला, असं ठरवून टाकलं. लेन्सवर संशय घ्यायचा म्हणजे देवस्थळी सरांवर घ्यायचा, आणि ते त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

संस्थेतल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "मॅडम, शुरुआत है बस. दो साल रुक सकते हैं." ताई रुकायला तयार नव्हत्या. पक्षी मार्चमध्ये परत जातात. डिसेंबरात त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. वल्लरीला ऑफिसातून दोनच दिवस सुट्टी मिळाली. पुढचे आठ दिवस रागिणी आली. सकाळी मऊ खिचडी, दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब. "हलू नको ना, अशी काय करून राहिली लहान पोरीसारखी," असं म्हणत एका हातानं हनुवटी धरून थेंब घालायची. सरही एकदा येऊन गेले. डोळ्यावरची पट्टी बघून म्हणाले, "वय झालं की हे चालायचंच ताई." ऑपरेशन कशामुळे झालं हे त्यांना ठाऊक होतं, कारण ताईंनीच त्यांना फोटो धूसर येतात म्हणून सांगितलं होतं. तरी माणूस खुर्चीत बसून चहा पिऊन गेला.

जानेवारीच्या मध्यावर डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली. त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. नव्या डोळ्यानं ताईंना तलावापलीकडच्या टेकडीवरची झुडपं मोजता येत होती. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जग पुन्हा दुधाळ झालं. कॅमेरा खाली घेतला, स्वच्छ. वर लावला, दुधाळ. ताई तिथल्याच बाकावर बसल्या. लेन्स काढली, पर्समधून टॉर्च काढला आणि मागून मारला.

आत जाळं होतं. मधल्या भिंगावर पांढरे, केसाहून बारीक धागे, मुळांसारखे फुटत फुटत काठापर्यंत गेलेले.

ताईंनी टॉर्च विझवला. रडू आलं नाही. संताप इतका होता की कानशिलं तापली. फसवलं याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. या माणसामुळे आपण आपल्या डोळ्याला खोटं ठरवलं. ज्या डोळ्यावर बत्तीस वर्षं भाकरी खाल्ली तो कापायला दिला आणि या माणसाला काही म्हणजे काही विचारलं नाही. आणि त्याची अख्खी हयात बुरशी बघण्यात गेलेली!

जखम दिसली की इलाजाआधी फोटो, ही सवय हाडात होती. दुसऱ्या दिवशी ताई संस्थेत अंकुरकडे गेल्या. तिथली मॅक्रो लावून, बाजूनं उजेड सोडून त्यांनी आतल्या जाळ्याचा फोटो काढला. कडेला पट्टी ठेवली, चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहिली. अंकुरनं वाचलं आणि विचारलं, "मॅडम, पेशंट कोण आहे?" ताई म्हणाल्या, "बघू या कोण निघतंय ते."

मग त्या सरांकडे गेल्या. भांडायला नाही, सरळ सांगायला. आपली मॅक्रो परत मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. सरांच्या टेबलावर ती होतीच. नळीवरची पांढरी पट्टी सोलून काढलेली, डिंकाचा चिकट डाग तेवढा राहिलेला.

सरांनी मोठी लेन्स उजेडात धरली, मान हलवली आणि व्याख्यानाच्या आवाजात सुरू झाले. "ताई, बुरशी दहा दिवसांत धरते. तुमचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून खोली. कुकरची वाफ लागली असणार. मी दिली तेव्हा काच आरशासारखी होती. या विषयात मी चाळीस वर्षं काढली आहेत, तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

"मग माझी मला द्या सर. तुमची मी तशीच परत करते."

"असं कसं? दसऱ्याला दिलेलं कुणी परत मागतं का?" सर हसले. "आणि आता बुरशी आलेली तुम्ही मला देणार, हे तरी बरोबर आहे का, तुम्हीच सांगा."

बुरशीच्या बाबतीत देवस्थळी सरांशी वाद कोण घालणार? ताई उठून आल्या. रागिणी त्या वेळी बाजारात गेलेली होती.

पंधरा दिवसांनी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक बाई लाडानं म्हणाली, "शैलजाताई, तुमचं कौतुक वाटतं हो. हाताला एवढा कंप असूनसुद्धा फोटो काढता. सर सांगत होते." ताईंच्या हाताला कंप नव्हता. त्यांनी हातातला वाणाचा डबा सरळ धरून त्या बाईला दाखवला. पण गोष्ट पसरली होती. म्हातारी झाली, डोळा गेला, हात थरथरतो, आणि खापर फोडते बिचाऱ्या सरांवर. पाडव्याला मंडळाची दिनदर्शिका निघाली. बारा महिने, बारा फुलं, छायाचित्रं प्रा. देवस्थळी यांची. एप्रिलच्या पानावर कांचनाचं फूल होतं, आतल्या परागाचा कण न् कण मोजून घ्यावा असं. ताईंनी आपली लेन्स ओळखली. ती दिनदर्शिका त्यांनी स्वयंपाकघरात लावली आणि रोज बघितली.

"मम्मा, छोड़ो ना यार," वल्लरी म्हणाली. "नई लेन्स ले लो. मैं दिला देती हूँ."

"नवी घेतली तर त्यांचं काय बिघडलं?" ताई म्हणाल्या.

वल्लरी फ्रीज उघडून उभी राहिली.

ताईंनी घाई केली नाही. मंडळात जात राहिल्या, सरांना नमस्कार करत राहिल्या, मिठाची गुळणी धरून बसल्या. उन्हाळा गेला, पावसाळा आला. जुलैत मंडळाच्या बैठकीत गणेशोत्सवातल्या छायाचित्र प्रदर्शनाचं ठरलं. परीक्षक अर्थातच देवस्थळी सर. सचिव ओजस्विनी म्हणून एक मुलगी आहे, मोहालीच्या सेक्टर ६७ मधल्या औषधांच्या संस्थेत संशोधन करते. तिनं ताईंना विचारलं, "ताई, तुम्ही काही देणार ना? पक्षी?"

"देते की. पक्षी नाही, एक जुना फोटो आहे."

तीन फूट बाय दोन फुटांची छपाई करून आणली. फोटो इतका मोठा केल्यावर ते काय आहे हे कुणालाच कळेना. काळ्या भुईवर पांढरं झाड फुटावं तसे धागे, आणि त्यांची एकात एक बसलेली वलयं. खरोखर सुंदर दिसत होतं. खालच्या कडेची पट्टी आणि चिठ्ठी ताईंनी पांढऱ्या सर्जिकल चिकटपट्टीनं झाकली आणि वर कागद लावला, 'ओळखा पाहू'.

उत्सवाच्या सकाळी रागिणीचा फोन आला. "मोदकाचा साचा आहे का गं तुझ्याकडे? माझा फुटला. आणि डोळा कसा आहे? पाणी येत नाही ना?" साचा आहे, लगेच पाठवते, डोळा छान आहे, असं ताईंनी सांगितलं. फोन ठेवल्यावर हनुवटीवरची रागिणीची बोटं आठवली. त्या दोन मिनिटं फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग झाकलेल्या चिठ्ठीवरची चिकटपट्टी एका टोकाला जराशी सुटली होती ती अंगठ्यानं दाबून पक्की केली आणि रिक्षा बोलावली.

आरती झाली, प्रसाद झाला, आणि सर सगळ्यांना बरोबर घेऊन एकेक फोटो बघत निघाले. पन्नास-साठ माणसं होती. चंडीमंदिरहून आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका होत्या, विद्यापीठातले लोक होते, लहान पोरं होती. ताईंच्या फोटोसमोर सर थबकले आणि त्यांचा चेहरा उजळला. आपला विषय!

"वा! हे कुणाचं? शैलजाताई, तुमचं? अहो हे मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! हे कवक. साध्या भाषेत बुरशी. हे धागे बघा, यांना कवकतंतू म्हणतात. आणि खाली पृष्ठभाग बघा किती गुळगुळीत, हे लाकूड नाही, पान नाही, ही काच आहे. काचेवरची बुरशी! दुर्मीळ फोटो आहे हं."

लोक पुढे सरकले. ताईंनी अगदी भोळ्या आवाजात विचारलं, "ताजीच असेल ना सर? दहा-बारा दिवसांची?"

"छे छे छे!" सरांना तो प्रश्नच अपमानास्पद वाटला. "दहा दिवसांत पावाला बुरशी येते ताई. काचेवर खायला आहे काय? हिची वाढ फार मंद. आणि हे महत्त्वाचं, सगळ्यांनी बघा, ही वलयं. आपल्या चंदीगडची हवा एरवी कोरडी. बुरशी वाढते ती फक्त पावसाळ्यात, मग थांबते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाढते. मोजा, एक, दोन, तीन. तीन वलयं म्हणजे तीन पावसाळे. यापेक्षा एक दिवस कमी नाही. मी लिहून द्यायला तयार आहे."

ओजस्विनी कौतुकानं म्हणाली, "सर, हे इतकं खात्रीनं सांगता येतं?"

"चाळीस वर्षं काढली आहेत बाळ या विषयात."

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेपर्यंत ताई थांबल्या. मग पुढे झाल्या आणि चिकटपट्टीचं टोक धरून सावकाश सोलली. खाली मिलिमीटरची पट्टी होती, आणि चिठ्ठीवर ताईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'प्रा. देवस्थळी यांची लेन्स. १६ जानेवारी २०२४.'

"ही तुम्ही मला मागच्या दसऱ्याला दिलीत सर," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतका ठेवला. "ऑक्टोबरात. फोटो जानेवारीतला आहे. मधे किती पावसाळे आले?"

सरांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "म्हणजे... तसं बघायला गेलं तर... परिस्थितीनुसार... कुकरची वाफ जर..."

"सर, पण तुम्ही आत्ताच म्हणालात," ओजस्विनी अगदी अदबीनं म्हणाली, "एक दिवस कमी नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक. सरांनी पाणी मागितलं. ताईंना जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: त्यांना आनंद झाला. आठ महिने पोटात ठेवलेला निखारा बाहेर टाकल्यावर वाटतं तसं हलकं, गार वाटलं. सरांची मान खाली गेलेली त्यांनी नव्या डोळ्यानं व्यवस्थित बघून घेतली. रागिणी मात्र मोदकांचं ताट तसंच टेबलावर ठेवून बाहेर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रागिणी साचा परत करायला आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"मला सांगायचं असतं तू. मी त्याच दिवशी तुझी लेन्स आणून दिली असती. यांच्या हातातून ओढून आणली असती."

"माहीत होतं मला," ताई म्हणाल्या. "म्हणूनच नाही सांगितलं."

रागिणी म्हणाली, "म्हणजे तुला लेन्स नव्हती पाहिजे."

"लेन्स पाहिजेच होती. पण त्यांनी द्यायला पाहिजे होती. जिथं घेतली तिथं."

"कठीण आहेस बाई तू," रागिणी म्हणाली आणि साचा दाराशी ठेवून गेली. ताईंनी तो उचलला. साचा धुऊन, पुसून आणलेला होता. त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. पण आपण चुकलो असंही त्यांच्या मनात आलं नाही.

दसरा आला. मंडळाच्या हॉलमध्ये कांचनाच्या पानांची परडी होती, माईक होता, पण आपटा आणि कांचन एका कुळातले असं सांगायला या वेळी कुणी उठलं नाही. ताई खिडकीजवळ बसल्या होत्या. सगळ्यांची पानं देऊन-घेऊन झाल्यावर देवस्थळी सर समोर आले. हातात काळी पिशवी, तिच्यावर पान. मागे चार पावलांवर रागिणी उभी होती.

"तुमची वस्तू, शैलजाताई," सर खालच्या आवाजात म्हणाले. "चूक झाली."

ताईंनी पिशवी घेतली, पान बाजूला ठेवलं आणि लेन्स बाहेर काढली. डिंकाचा डाग पुसून काढलेला होता. त्यांचा उजवा हात पर्समध्ये गेला आणि या वेळी टॉर्च घेऊनच बाहेर आला. पुढचं झाकण काढलं, मागचं काढलं, टॉर्च लावला, आणि लेन्स डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवत त्यांनी आत बघितलं. एकदा सरळ, एकदा तिरकं. मग उलटी करून पुन्हा. दोन मिनिटं तरी लागली असतील. सर हात बांधून उभे होते आणि अख्खा हॉल बघत होता. ज्यांनी कंपाची गोष्ट ऐकली होती त्यांचं लक्ष ताईंच्या हाताकडे होतं. हात तसूभरही हलत नव्हता.

"स्वच्छ आहे," ताई म्हणाल्या. झाकणं लावली, आणि आपल्या पिशवीतून बुरशी धरलेली ती मोठी लेन्स काढून सरांच्या हातात दिली.

सर तिथेच उभे राहिले. मग काय करावं न सुचून त्यांनी बाजूला ठेवलेलं कांचनाचं पान उचललं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

ताईंनी ते घेतलं. टॉर्च अजून चालूच होता. त्यांनी पान उजेडासमोर धरलं, पुढून बघितलं, उलटून मागून बघितलं, आणि मगच पर्समध्ये ठेवलं.